खोळ घातलेली गाडी

७ जानेवारी

घसा पूर्ण बसला आहे. महिन्याभरातील ही चौथी सभा, आणि सभागृहातील ध्वनिक्षेपक आजही मध्येच दगा देत होता. तरीही सभा चांगली झाली, असे प्रामाणिकपणे म्हणता येईल.

नव्या रेल्वे स्थानकाभोवती आम्ही नकाशावर एक वर्तुळ आखले आहे: स्थानकाच्या दारातून रमतगमत पाच मिनिटे चालल्यावर जिथे पोहोचता येते, तिथपर्यंतचे. या वर्तुळात इमारती उंच असाव्यात, माणसे दाट राहावीत आणि गाड्यांसाठी जागा मुळीच ठेवू नये, हे आमच्या आराखड्याचे सूत्र. त्यातील शेवटचा नियम मी स्वतः लिहिला आहे. ज्याच्या दाराशी रेल्वे आहे, त्याला गाडी कशाला हवी? जी जमीन गाडीला देतो ती माणसाला द्यावी, इतके हे सरळ आहे. हे सांगताना मला आजही, एवढ्या वर्षांनंतर, विद्यार्थिदशेतील उत्साह जाणवतो. अडचण एवढीच, की उत्साह छातीत असतो आणि बोलावे घशाने लागते.

आजची सभा विशेष होती. पुनर्विकासासाठी निवडलेल्या इमारतींत आमची जुनी इमारतही आहे. तिथले आई-वडिलांचे घर मी धाकट्या बहिणीच्या नावे करून दिले, त्याला बरीच वर्षे झाली. ती आणि तिचे यजमान तिसऱ्या रांगेत बसले होते.

पडद्यावर मी माझे आवडते छायाचित्र दाखवले. इमारतीच्या आवारात खोळ घालून उभी असलेली एक गाडी. आमच्या पाहणी पथकाने तिची आठवडाभर नोंद घेतली. ती तसूभरही हलली नाही. मी म्हणालो, "या गाडीने व्यापलेल्या जागेत एका विद्यार्थ्याची खोली मावते. विद्यार्थी बाहेर भाड्याने राहतो आणि ही आत फुकट झोपा काढते."

मोठा हशा झाला. चष्म्याच्या दुकानाचे काका, आमचे जुने शेजारी, उठून म्हणाले, "झोपा काढते खरी. पण गाडी कुणाची, तेवढं सांगा की."

मी म्हणालो, "कोणाची का असेना, प्रश्न तत्त्वाचा आहे." त्यावर आणखी मोठा हशा. सभेत असे मोकळे वातावरण क्वचितच निर्माण होते. धाकटी मात्र मध्येच उठून गेली. तिला हे विषय रुक्ष वाटत असावेत.

८ जानेवारी

सुट्टी घेतली. पत्नीचे औषधांचे दुकान आहे. तिने घशासाठी गोळ्यांची नवी पाकिटे आणून दिली. मी सभेची हकिकत सांगितली. तिने फक्त विचारले, "ती पाहणी तुम्ही कधी केलीत?"

"शाळांच्या मोठ्या सुट्टीत. रस्ते मोकळे असतात, पथकाला काम सोपे जाते."

"हं," म्हणाली, आणि गोळी चघळायची असते, गिळायची नसते, हे मला पुन्हा एकदा सांगितले.

१४ जानेवारी

आज धाकटीकडे गेलो. पहिल्या मजल्यावरचे स्वयंपाकघर, तीच खिडकी, तोच ओटा. आईने ज्या कोपऱ्यावर नारळ फोडून फोडून टवका उडवला होता तो कोपरा तसाच. खिडकीच्या दोरीवर एक भलीमोठी राखाडी खोळ वाळत होती. तिच्या एका टोकाला निळ्या कापडाचे ठिगळ. ते ठिगळ मी पडद्यावर पाहिले होते.

मेहुणे शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. गेली कित्येक वर्षे मी त्यांना त्याच कामात पाहत आहे. पण खोळीखाली ती व्हॅन असेल हे माझ्या ध्यानात आले नाही; आणि शाळेला सुट्टी म्हणजे व्हॅनलाही सुट्टी, हे पथकातील कोणाच्याच ध्यानात आले नाही. मी मोकळेपणाने क्षमा मागितली. उदाहरण चुकले, हे कबूल केले. उदाहरण चुकले म्हणून सिद्धान्त चुकत नाही, हेही त्यांना समजावून सांगितले.

"सोडा हो दादा," मेहुणे म्हणाले. "खोळ हिनेच शिवलीय. पडद्यावर झळकली म्हणून हवेत आहे."

धाकटी हसली नाही. ती भांडी घासत होती आणि जरुरीपेक्षा मोठ्याने घासत होती.

"दादा, एकच सांग," ती म्हणाली. "नवीन इमारत झाली की ह्यांनी गाडी लावायची कुठे?"

मी कागद घेऊन आकृती काढली. वर्तुळाबाहेर, जुन्या बस आगारामागे, सार्वजनिक वाहनतळ प्रस्तावित आहे. आगारापर्यंत बस आहेच.

मेहुण्यांनी आकृती नीट निरखली. "म्हणजे पहाटे बस धरायची, गाडीपाशी जायचं, गाडी घेऊन परत इथं यायचं, मग पोरं भरायची."

"सुरुवातीच्या काळात," मी म्हणालो.

"त्या वेळेला बस असते?"

"मागणी निर्माण झाली की फेऱ्या वाढतात. हेच तर या शास्त्राचे सौंदर्य आहे."

"घोडं पागेत आणि स्वार पायी," धाकटी नळाकडे तोंड करून म्हणाली.

मी तिला सांगितले, की इतर सर्व घरांची संमती आलेली आहे आणि तिच्या एका सहीसाठी सारे थांबले आहे. मी ज्या आराखड्याची बाजू गावभर मांडतो त्यालाच माझ्या सख्ख्या बहिणीची संमती नाही, यामुळे माझी स्थिती किती अवघड होते, तेही सांगितले. ती म्हणाली, "विचार करते." लहानपणी गणित सोडवायचे नसले की ती असेच म्हणत असे.

२ फेब्रुवारी

मेहुण्यांनी बोलावले, "एकदा या तर माझ्याबरोबर," म्हणून आज सकाळी व्हॅनमधून फिरलो. प्रत्यक्ष निरीक्षणाला पर्याय नाही, या मताचा मी आहेच.

आवाराच्या फाटकाशी, बरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, गटाराच्या चेंबरचे एक लोखंडी झाकण आहे. ते नीट बसत नाही. व्हॅनचे चाक त्यावरून गेले की खण्ण असा आवाज होतो. आवाज झाला, खिडकी उघडली आणि धाकटी वरून म्हणाली, "हळू." मेहुण्यांनी मान वर करून पाहिले आणि निघालो.

"रोज म्हणते?" मी विचारले.

"रोज. लग्नाच्या आधी दुसऱ्याची गाडी चालवायचो तेव्हा म्हणत नव्हती," मेहुणे म्हणाले. "तेव्हा जोरात चालवायचो."

झाकण बदलण्यासाठी अर्ज करावा, असे मी सुचवले. ते म्हणाले, "नको. अर्धी इमारत त्याच्यावर उठते. चष्मेवाले काका तर म्हणतात, गजर लावायची गरज नाही."

मुले चढू लागली. एका दारातून एक आई अर्धवट झोपेतला मुलगा आणि त्याचा एक बूट वेगवेगळे घेऊन आली. मेहुण्यांनी दोन्ही ताब्यात घेतले आणि चढण्याच्या पायरीवर बसवून बूट घातला. पुढे एका मुलीसाठी बराच वेळ थांबलो. मी घड्याळाकडे पाहिले, तर ते म्हणाले, "तिची आई रात्रपाळीला असते. पोरगी स्वतःची वेणी स्वतः घालते. थोडं पुढेमागे होतं."

व्हॅनमध्ये माझ्या शेजारी चौथीतला एक गंभीर मुलगा बसला होता. मी त्याला दाट वस्तीचे फायदे सोपे करून सांगितले. त्याने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "तुम्ही सर आहात?"

"नाही."

"मग का सांगताय?"

मागच्या सर्व बाकांवर हसू पसरले. मेहुण्यांनी आरशात पाहून डोळे वटारले, पण तेही हसत होते.

परतताना मी त्यांना माझा निष्कर्ष सांगितला: यातील बहुतेक मुलांची घरे शाळेपासून इतकी जवळ आहेत, की चांगला पदपथ असता तर ती चालत जाऊ शकतील. मेहुण्यांनी मान डोलावली. "मधला महामार्ग?"

"पादचारी पूल प्रस्तावित आहे."

"हो का," ते म्हणाले, आणि मला चहा प्यायला नेले. आग्रह करून बिस्किटेही खायला घातली. समजूतदार गृहस्थ आहेत. माझे म्हणणे त्यांना पटत चालले आहे, असे वाटते.

दुपारी कार्यालयात टेबलावर डोके टेकवून थोडा वेळ झोपलो. असे पूर्वी कधी होत नसे.

१६ फेब्रुवारी

आजचा प्रसंग सविस्तर लिहून ठेवतो, कारण माझ्या नोकरीत कसोटीचे असे प्रसंग फार आले नाहीत.

विकासक कार्यालयात आले होते. माणूस हसतमुख आहे. बोलताना समोरच्याच्या खुर्चीच्या हातावर हात ठेवतो. म्हणाले, "साहेब, तुमच्या बहिणीचं अडलंय ते त्या व्हॅनपायी. मागच्या कुंपणालगत एक पट्टी रिकामीच राहते. तिथे उभी करू दे त्यांना. कागदावर काही नको. मी शब्द देतो, त्या सही देतात. विषय संपला."

मी त्यांना शांतपणे समजावले. नियमाचे मोल त्याच्या अपवादात कळते. आज एका व्हॅनला जागा दिली तर उद्या दुसऱ्या गाडीला नाही कसे म्हणणार? आणि तो पहिला अपवाद नियम लिहिणाऱ्याच्याच मेहुण्यांसाठी व्हावा? लोक काय म्हणतील, हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी माझे मला काय वाटेल?

"म्हणजे नको?" ते म्हणाले.

"नको."

त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिले. "तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो," म्हणाले, आणि निघताना शिपायाला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितले.

घरी येईपर्यंत समाधान होते. जिना चढताना ते कुठे गेले, कळले नाही. पत्नीला सांगितले. तिने आमटीला फोडणी दिली, वरून झाकण ठेवले आणि म्हणाली, "त्यांना विचारलं असतं तर?"

"कोणाला?"

"ज्यांची व्हॅन आहे त्यांना."

मी तिला हितसंबंधांचा संघर्ष ही संकल्पना समजावून सांगू लागलो, पण आवाज फुटेना.

२१ फेब्रुवारी

धाकटीने सही दिली.

मी पेढे घेऊन गेलो होतो. विकासक कालच येऊन गेल्याचे तिच्याकडून कळले. दार तिने उघडले. "या दादा, बसा," म्हणाली. तिने मला 'अहो-जाहो' करण्याची ही पहिलीच वेळ. वयपरत्वे माणसे एकमेकांचा मान ठेवू लागतात; तरी ते कानाला थोडे खटकले.

"काही अडचण नाही ना आता?" मी विचारले.

"अडचण कसली? तुम्ही तत्त्वाला पक्के आहात, ते सांगत होते. फार स्तुती करत होते तुमची."

मेहुणे खिडकीत उभे राहून खाली पाहत होते. "दादा, पेढे छान आहेत," ते म्हणाले. त्यांच्या हातातला पेढा अख्खा होता.

मी नव्या घरांच्या खोल्यांची रचना, उजेड, वाऱ्याची दिशा हे सर्व सांगितले. धाकटी प्रत्येक वाक्यानंतर "बरं" म्हणत होती. लहानपणी ती मला इतके प्रश्न विचारायची, की मी दमून खाटेखाली लपत असे. आज एकही प्रश्न आला नाही. मी चांगले समजावले असावे.

११ मे

घरे रिकामी झाली. विकासकाने धाकटीला तात्पुरते घर दिले आहे ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, रेल्वेमार्गाच्या अगदी अखेरच्या स्थानकाजवळ. आज गेलो. नळ गळतो, पण उजेड आहे. ट्रंका अजून बांधलेल्याच होत्या.

मेहुणे भर सकाळी घरी होते, हातात वर्तमानपत्र. सुट्टी संपली तरी इतक्या दुरून जुन्या वस्तीतली मुले नेणे शक्य नाही आणि इथल्या शाळांच्या व्हॅन आधीपासून ठरलेल्या. म्हणून त्यांनी व्हॅन विकली. आमच्या पाहणीत 'स्थलांतरानंतर कुटुंबाने वाहन सोडले काय?' असा एक रकाना आहे. त्याचे उत्तर होकारार्थी यावे म्हणून आम्ही एवढी खटपट करतो. आज ते माझ्याच घरातून होकारार्थी आले. व्हायला हवा होता तितका आनंद झाला नाही, हे इथे लिहिण्यास हरकत नाही. प्रवास लांबचा होता, थकवा असेल.

"विश्रांती मानवलेली दिसते," मी मेहुण्यांना म्हणालो.

"हो ना," ते म्हणाले. "अजून पहाटे जाग येते तेवढी."

चहा धाकटीने माझ्या हातात न देता स्टुलावर ठेवला. खोळ कोपऱ्यात घडी करून ठेवली होती. ती का नाही विकली, असे मी विचारले. "तिला कोण घेणार?" ती म्हणाली.

घरी आल्यावर हे सारे पत्नीला सांगितले. तिने ऐकले आणि दिवा मालवला. गोळीचे पाकीट मला आज स्वतः शोधावे लागले.

३ सप्टेंबर

स्थानक सुरू झाले. पहिल्या गाडीतून जाण्याचा मान आम्हा नियोजकांना मिळाला. मार्ग इथे उंच पुलावरून जातो; खिडकीतून आमच्या इमारतीची मोकळी जागा दिसली. पाडकाम आटोपले आहे. वर्तुळ नकाशावर जितके सुंदर होते तितकेच वरूनही दिसते. मी शेजारच्या तरुण अभियंत्याला ते समजावून सांगू लागलो. त्याने कानात गाणी ऐकायचे यंत्र घातले होते, ते मला मागाहून दिसले.

१९ नोव्हेंबर

मुख्य नियोजकांनी खोलीत बोलावून नियमात सुधारणा झाल्याचे सांगितले. वर्तुळातील नव्या इमारतींना खालचे तीन मजले गाड्यांसाठी राखता येतील. मात्र केवळ विक्रीच्या घरांना. जुन्या रहिवाशांच्या घरांना नाही.

मी विरोध केला. पहिला मुद्दा मांडला, दुसरा मांडला. तिसऱ्याला त्यांनी हात वर केला.

"अहो, गाडीला जागा नाही म्हटल्यावर महागडी घरं घेणार कोण? विकासकाने काम थांबवलंय. बाजारही बघावा लागतो."

"पण ज्यांच्याकडून आपण..."

"त्यांनी सही दिली आहे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. तेही दमलेले दिसत होते. "लोकांना समजावायचं काम तुमचंच. तुमच्याइतकं चांगलं कोणाला जमत नाही."

सायंकाळी सादरीकरण करायला बसलो. पहिल्या पडद्यासाठी छायाचित्र हवे होते. जुन्या संचात खोळ घातलेली गाडी सापडली. हेच छायाचित्र आता 'वाहनतळाची निकड' या मथळ्याखालीही चालले असते. खरोखर चालले असते. मी मथळा बदलून पाहिला. मग संगणक बंद केला.

धाकटीला दूरध्वनी करावा असे वाटले. काय सांगायचे त्याची जुळवाजुळव केली: आधी पार्श्वभूमी, मग सुधारणेचे कारण, मग परिणाम. जुळवाजुळव चांगली झाली होती. दूरध्वनी केला नाही.

८ डिसेंबर

सुधारित परवानगीपूर्वी जागेची पाहणी करायची म्हणून मुख्य नियोजक मला त्यांच्या गाडीतून घेऊन गेले. रेल्वेने जावे, असे मी सुचवले होते. ते म्हणाले, "सामान आहे." सामान म्हणजे एक छत्री होती.

आमच्या इमारतीची जागा गाड्यांनी भरली आहे. काम पुन्हा सुरू होईपर्यंत विकासकाने तिथे सशुल्क वाहनतळ चालू केला आहे. लोक दुरून गाडीने येतात, इथे उभी करतात आणि रेल्वेने पुढे जातात. फाटक जुन्या जागीच आहे. आम्ही आत शिरलो आणि चाकाखाली खण्ण झाले.

झाकण कोणी बदललेले नाही. मी काही न मोजता सांगू शकलो असतो, की आम्ही कुठे आहोत.

शिट्टी वाजली. नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस समोर येऊन, मागे मागे चालत, हातांनी खुणा करू लागला. "या, या. डावीकडं. अजून. बस्स." इतक्या सफाईने गाडी लावलेली मी क्वचित पाहिली आहे. काचेजवळ येऊन त्यांनी पावती पुढे केली आणि मला पाहिले.

"दादा, काच वर घ्या," मेहुणे म्हणाले. "धूळ फार आहे."

"ओळखीचे?" मुख्य नियोजकांनी विचारले.

"माझे मेहुणे."

"वा, छान. इथेच काम मिळालं हे बरं झालं."

"हो साहेब, सोयीचं आहे," मेहुणे म्हणाले. "शेवटच्या स्टेशनला बसायचं, इथं उतरायचं. स्टेशन अगदी दाराशी. दादा म्हणाले होते तसंच." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी तो बराच शोधला.

कुंपणाशी चार बांबूंवर त्यांनी सावलीसाठी एक कापड ताणले आहे. राखाडी, एका टोकाला निळे ठिगळ. खाली एक खुर्ची. त्यांनी ती रुमालाने पुसून मला बसायला दिली आणि स्वतः उभे राहिले. ती मागच्या कुंपणालगतची पट्टी होती. विकासकाने शब्द देऊ केलेली. एक व्हॅन तिथे आरामात मावली असती.

"काही सांगायचं होतं का?" मेहुण्यांनी विचारले. मी सवयीने तोंड उघडले होते.

"नाही," मी म्हणालो. मग विचारले, "धाकटी कशी आहे?"

त्यांनी घड्याळ पाहिले. "बारा वाजता डबा घेऊन येते," म्हणाले. "तिलाच विचारा की."

मुख्य नियोजकांची पाहणी आटोपली होती. त्यांनी छत्रीने मला खूण केली. तुम्ही पुढे व्हा, मी रेल्वेने येतो, असे त्यांना सांगितले. त्यांना आश्चर्य वाटले असावे, पण कारण त्यांनी विचारले नाही आणि मीही समजावले नाही. मेहुण्यांनी शिट्टी वाजवून त्यांची गाडी बाहेर काढून दिली.

फाटकाशी ती झाकणावरून गेली. खण्ण.

मेहुण्यांनी मान वर करून पाहिले. मीही पाहिले. पहिल्या मजल्याच्या उंचीवर, जिथे खिडकी होती, तिथे नुसते आभाळ होते, आणि आम्ही दोघेही थोडा वेळ तिकडेच पाहत राहिलो.